काळ्या मातीत रानतेरडा लावायचा तर

चिखलदऱ्याच्या घाटात ऑगस्टच्या शेवटी दरडीवर, झिरपत्या कातळाच्या कपारीत, नाल्याच्या काठानं गुलाबी तेरडा फुललेला असतो. तसलंच बी खालच्या वावरात टाकलं की बहुतेकदा फसतं. रोपं उगवतात, वीतभर होतात आणि जुलैच्या झडीत बुडाशी काळी पडून आडवी होतात. मग लोक म्हणतात, डोंगराची हवा इथे नाही. हवेचा वाटा आहे, पण थोडा. रोप मरतं ते मुळाशी. तिथे काय बिघडतं हे कळलं तर अमरावती-अकोल्याच्या मैदानातही रानतेरडा वर्षानुवर्षं टिकतो.

गाविलगडची रांग बेसाल्टची. चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर. तेरडा दाट असतो अशा उतारावर मातीचा थर फार तर वीतभर असतो: मुरमाचे खडे, कुजलेला पाला, थोडी तांबूस माती, आणि खाली कातळ. पाऊस पडला की पाणी या थरातून सतत खाली सरकत राहतं. माती ओली असते, पण पाणी कुठेच उभं राहत नाही, आणि त्याच्या मागोमाग हवा आत शिरते. ओढ्याच्या काठी वाढणारा तेरडाही पात्रात नसतो, काठाच्या तिरप्या अंगावर असतो. त्याला ओल लागते. साचलेलं पाणी त्याला मारतं.

काळ्या मातीचं वागणं याच्या अगदी उलट. पाणी प्यायली की ती फुगते, तिच्यातली छिद्रं मिटतात आणि चार दिवसांच्या झडीत ती चिबडते. तेरड्याची मुळं तंतूसारखी बारीक आणि उथळ असतात, आणि हवा कोंडली की त्यांचा जीव दोन-तीन दिवसांतच जातो. पुढे पावसानं ओढ दिली की हीच माती आक्रसते, भेगाळते आणि वाचलेली मुळं तोडते. म्हणजे एका हंगामात दोनदा घात. खत वाढवून, औषध ओतून यावर काही होत नाही. जागा बदलावी लागते, किंवा जागेखालची माती.

आधी ओळख पक्की करू, कारण तेरडा हे नाव बऱ्याच झाडांना आहे. आपण बोलतोय ते इम्पेशन्स बाल्समिना, लिनिअसनं १७५३ साली नोंदवलेलं, मूळचं भारतीय उपखंडातलं आणि म्यानमारमधलं. कासच्या पठारावर सप्टेंबरात जो गालिचा पसरतो तो तेरडा वेगळ्या जातीचा, इम्पेशन्स लॉई. त्या सड्यावरचं बी इथे आणायच्या भानगडीत पडू नये. आपला तेरडा वीत-दीड वीत ते दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो. खोड जाड, रसाळ, जवळजवळ पारदर्शक, खालची पेरं फुगलेली. पानं भाल्याच्या पात्यासारखी, कडेला करवतीचे दाते. फुलं पानाच्या बगलेतून एकेक किंवा दोन-तीन, प्रत्येकाला स्वतंत्र देठ. फुलाच्या मागे बारीक वाकडी शेपटी असते, मकरंद तिच्यात. शेंग मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती आणि अंगावर मऊ दाट लव असलेली. ही लव ओळखीची पक्की खूण आहे.

पानाच्या देठावर बारीक ग्रंथी असतात आणि त्यातून गोड स्राव येतो. त्यामुळे झाडावर मुंग्या फिरताना दिसतात. त्या झाड खात नाहीत, गोड टिपायला येतात. त्यांच्यासाठी पावडर टाकू नये.

फुलाचं काम कसं चालतं हे समजून घेतलं तर पुढे बी धरताना उपयोग होतो. तेरड्याचे पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसलेले असतात. फूल उमललं की आधी फक्त पराग मिळतात, बीजांडकोश झाकलेला. मधमाशी शेपटीतल्या मकरंदासाठी आत डोकं घालते तेव्हा परागाची धूळ तिच्या पाठीवर बसते. एक-दोन दिवसांनी ती टोपी अख्खी गळून पडते आणि खालचं हिरवं टोक उघडं होतं. आता हेच फूल पराग घेणारं. त्यानंतर पाकळ्या लवकरच गळतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण टोमणा म्हणून वापरली जाते, पण एका फुलाचं आयुष्य म्हणणाऱ्यानं बरोबर मोजलं होतं. झाड मात्र दीड-दोन महिने फुलत राहतं, कारण खालून वर एकेका पानाच्या बगलेत नवी कळी येतच असते.

रोपवाटिकेतला गुलाबासारखा दुहेरी तेरडा याच जातीचा आहे, पण त्यात जास्तीच्या पाकळ्यांची गर्दी असते आणि माशीला आत शिरायला वाटच नसते. दिसायला भरगच्च, माशीच्या कामाचा कमी. आमच्या मते परसात लावायचाच तर एकेरी लावावा.

आता जागा. सकाळचं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत आणि नंतर सावली, ही सगळ्यात चांगली. घराची पूर्वेकडची भिंत, बाभळीची किंवा कडुनिंबाची पूर्वेची बाजू, विहिरीच्या कठड्याखालचा उतार. दिवसभर भर उन्हात तो झडीच्या दिवसांत छान वाढतो, पण ऑगस्टात आठ दिवस ऊन तापलं की दुपारी मान टाकतो. पूर्ण सावलीत लांबट आणि फिकट होतो, फुलं तुरळक येतात.

जमीन मुरमाड असेल, जशी परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला असते, तर फार काही करावं लागत नाही. काळी असेल तर वाफा जमिनीच्या वर उचलावा. एक मीटर रुंद, हवा तेवढा लांब. तळाशी विटांचे तुकडे किंवा मुठीएवढे दगड, ८ ते १० सेंटिमीटर. त्यावर २० ते २५ सेंटिमीटर मिश्रण: दोन भाग चाळलेला मुरूम किंवा जाड रेती, दोन भाग माती (तांबूस मिळाली तर उत्तम, काळीच असेल तर एकच भाग घ्यावी आणि मुरूम तीन भाग), एक भाग पूर्ण कुजलेला पाला किंवा गांडूळखत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाफा सपाट करू नये. लांबीच्या दिशेनं दर मीटरला ४ ते ५ सेंटिमीटर उतार द्यावा आणि खालचं टोक मोकळं ठेवावं. तिथे विटेचा आडोसा घातला की सगळं केलेलं वाया जातं, पाणी तिथेच थांबतं आणि खालची ओळ आधी मरते. वाफा झाला की दोन बादल्या पाणी वरच्या टोकाला ओतून पाहावं. चार-पाच मिनिटांत खालच्या टोकाला पाझर दिसला पाहिजे. पाणी वरच डबक्यासारखं राहिलं तर मुरूम कमी पडलाय.

शेणखत ताजं घालू नये. कच्च्या शेणानं बुरशी येते, आणि नत्र जास्त झालं की खोड पाणचट वाढून वाऱ्यात मोडतं. युरियाचा तर चिमूटभरही नको. उताराच्या उपाशी मातीत वाढणारं झाड आहे हे. त्याला भरपेट जेवण सोसत नाही.

कुंडीत लावायचं असेल तर १० इंची कुंडीत एकच झाड. तळाला तीन भोकं, त्यावर खापरीचे तुकडे, वर हेच मिश्रण. कुंडीखाली बशी ठेवू नये.

खारपाणपट्ट्यातल्या गावांनी, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या, एक गोष्ट वेगळी सांभाळावी. तिथलं विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी दिलं की पानांच्या कडा करपतात आणि झाड खुरटतं. पागोळीचं पाणी रांजणात किंवा टाकीत धरून ठेवावं आणि उघडीप पडली की तेच द्यावं. मोरीचं साबणाचं पाणी तर कुठेच देऊ नये.

पेरणी. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई नको. विदर्भात मृग बरसून मग दहा-बारा दिवस कोरडे जाणं नवीन नाही, आणि त्या उन्हात कोवळं रोप एका दुपारीत संपतं. आर्द्रा लागल्यावर, साधारण २२ जूननंतर, माती वीतभर खोल ओली झाली आणि दुपारची धग उतरली की पेरावं. पुनर्वसूपर्यंत, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत पेरलेलं चालतं. त्यानंतर पेरलेली झाडं लहानपणीच फुलावर येतात.

बी मोहरीएवढं किंवा त्याहून थोडं मोठं, गोल, काळपट तपकिरी. दोन चिमटी बी ओंजळभर कोरड्या रेतीत मिसळून वाफ्यावर विरळ फेकावं आणि वर जेमतेम ३ मिलिमीटर चाळलेली माती भुरभुरावी. खोल गाडलेलं बी वर येत नाही. आठ ते चौदा दिवसांत उगवण दिसते: दोन गोलसर, जाड, चकचकीत दलपत्रं. त्या दिवसांत जोराची सर आली तर बी वाहून खालच्या टोकाला गोळा होतं, म्हणून पहिले पंधरा दिवस वर सोयाबीनच्या कुटाराचा (भुशाचा) अगदी पातळ थर द्यावा, खालची माती दिसेल इतकाच. सागाची पानं अख्खी पसरू नयेत. मेळघाटात साग इतका की कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागच, आणि तेच एका नदीचंही नाव. पण सागाचं अख्खं पान ओलं झालं की जमिनीला चिकटतं आणि कोंब त्याखाली पिवळे पडतात. ती पानं चुरून, कुजवून मग वापरावीत.

चार खरी पानं आली की विरळणी. दोन झाडांत २५ ते ३० सेंटिमीटर. काढलेली रोपं फेकू नयेत, मुळाभोवतीच्या मातीसकट उचलून ढगाळ दिवशी संध्याकाळी दुसरीकडे लावली तर बरीचशी जगतात. लावताना खालचं फुगीर पेर मिश्रणात दोन सेंटिमीटर जाईल इतपत दाबावं. त्या पेरालाही मुळं फुटतात आणि झाड वाऱ्यात हलत नाही. काळ्या मातीत मात्र असं खोल दाबू नये, तिथे तेच पेर सडतं.

पुढचं काम मुख्यतः पाहण्याचं. दुपारी झाड मलूल दिसलं की लगेच पाणी ओतायचं, ही सवय सगळ्यात जास्त झाडं मारते. थांबावं. ऊन उतरल्यावर झाड आपोआप ताठ झालं तर ती नुसती उन्हाची मलूली, पाण्याची गरज नाही. संध्याकाळीही मान खाली असेल तर बोटानं दोन पेरं खोल माती उकरून पाहावी. कोरडी असेल तर पाणी द्यावं, आणि ओली असूनही झाड मलूल असेल तर बूड तपासावं. तिथे खोड तपकिरी, मऊ झालेलं आणि भोवती पांढरी बुरशी, त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते झाड वाचत नाही. भोवतीच्या ओंजळभर मातीसकट काढून जाळावं. उकिरड्यावर टाकलं तर ते दाणे खतातून परत वाफ्यात येतात. शेजारच्या झाडांच्या बुडाशी लावलेलं आच्छादन मागे सारून चार बोटं जागा मोकळी ठेवावी. पेरणीआधीच एक किलो गांडूळखतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं आणि मग वाफ्यात घातलं तर हा त्रास कमी होतो. थांबत नाही, कमी होतो.

रोपं अगदी लहान असताना जमिनीलगत कमरेत मोडल्यासारखी पडतात ती वेगळी तक्रार: बी दाट पडलंय आणि वरचा थर सतत ओला आहे. उपाय एकच, विरळ करणे आणि कुटार काढून टाकणे.

सप्टेंबरात पावसाचा जोर कमी होऊन रात्री दव पडायला लागलं की पानांवर पांढरी भुरी येते. खालची जुनी पानं आधी. ती दोन-चार पानं तोडावीत आणि झाडांमधून वारा खेळू द्यावा. तोवर शेंगा धरलेल्या असतात, फार जीव काढायची गरज नसते. रातोरात पानं खाल्लेली दिसली आणि खाली जाड काळपट लेंड्या पडल्या असतील तर शेपटीला शिंग असलेली मोठी अळी शोधावी. ती हॉक मॉथ पतंगाची. एका वाफ्यावर दोन-चारच असतात, हातानं उचलून लांब रानात सोडावीत. तिच्यासाठी कपाशीचं औषध मारलं तर मधमाश्याही जातात आणि शेंगा धरतच नाहीत. वांगी किंवा टमाटे होते त्या जागी तेरडा लावू नये. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येतात.

धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, आणि वावराकडेच्या नाल्यावरचा आपसूक आलेला तेरडा कमी होण्याचं मोठं कारण हेच आहे की सोयाबीनसाठी आणलेलं तणनाशक उरलं की ते धुऱ्यावर मारलं जातं. नाल्याच्या काठचा चार-पाच फुटांचा पट्टा तरी सोडावा. त्या पट्ट्यात गाजर गवत, घाणेरी आणि तरोटा हातानं उपटावेत, पण जूनमध्ये, फुलावर येण्याआधी. घाणेरीच्या सावलीत तेरडा उगवत नाही असं नाही, पण फुलत नाही.

नाल्यावर नव्यानं लावायचा असेल तर पुराची खूण पाहावी. काठच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा जिथपर्यंत आहे ती पुराची रेघ. तेरडा तिच्या एक-दोन फूट वर, तिरप्या अंगावर. नुकत्याच खोल केलेल्या नाल्याच्या उभ्या कापावर बी टाकू नये. तो काप ऊन लागलं की दोन दिवसांत वाळतो आणि प्रत्येक पुरात थोडा थोडा ढासळतो. तिथे आधी गवत धरू द्यावं.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या दिवसांत तेरडा ऐन फुलावर असतो. कोकणात तेरड्याचीच गौर मांडतात आणि झाड मुळासकट आणतात. आपल्याकडे महालक्ष्म्या मुखवट्यांच्या, मुळासकट झाडाची गरज पडत नाही. पहाटे शेंड्याकडची फुलं खुडावीत, खालच्या फांद्या बियांसाठी ठेवाव्यात. खुडलेली फुलं ओल्या फडक्यात ठेवली तर संध्याकाळपर्यंत टिकतात. पोरींची नखं रंगवायची असतील तर पाकळ्या आणि पानं चिमूटभर फिटकरीसोबत वाटून रात्रभर बांधून ठेवावीत, नारिंगी रंग चढतो. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य तेरड्यातही असतं. कोरियात आणि चीनमध्ये ही रीत जुनी आहे. कच्चं झाड खाऊ नये, त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात.

आता बी. रानतेरडा टिकवण्याचं सगळं कसब इथे आहे. फूल गळल्यापासून तीन-चार आठवड्यांत शेंग तयार होते, म्हणजे हस्त नक्षत्रापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत शेंगा मिळत राहतात. तयार शेंग फुगते, गडद हिरव्यावरून पिवळसर होते आणि आतल्या बियांचे उंचवटे दिसायला लागतात. तिला जरासं बोट लागलं की पाच फाका झटक्यात आतल्या बाजूला वळतात आणि बी दीड-दोन मीटर लांब उडतं. फाकांच्या भिंतीत पाण्याच्या दाबानं ताण साठलेला असतो, तो एकदम सुटतो. इम्पेशन्स म्हणजे लॅटिनमध्ये अधीर, ते यावरूनच. म्हणून शेंग चिमटीत धरू नये. आधी अख्खी मुठीत घ्यावी, मूठ बंद करावी आणि मगच देठ तोडावा. जास्त झाडं असतील तर पातळ मलमलची पुरचुंडी शेंगेवर बांधून ठेवावी, ती आत फुटते. हिरवी शेंग तोडून घरी पिकवायचा प्रयत्न करू नये, आतलं बी पांढरं आणि पोकळ निघतं.

एकाच दणकट झाडाच्या सगळ्या शेंगा घेण्यापेक्षा वीस-तीस झाडांची एकेक शेंग घ्यावी. पुढच्या वर्षी झड जास्त झाली, उघडीप लांबली, तर त्यातलं कुठलं तरी टिकतं. फिकट गुलाबी, गडद, पांढरं, सगळ्या रंगांची घ्यावी. परसात दुहेरी तेरडा असेल तर मधमाशी दोघांची भेळ करते. रानाचंच बी हवं असेल तर दुहेरीची फुलं उमलण्याआधी खुडावीत.

बी कुठून आणायचं हेही स्पष्ट हवं. मेळघाट हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून झाड, फूल, बी काहीही उचलता येत नाही. घाटात गाडी थांबवून ओंजळभर शेंगा तोडणं हा गुन्हाच आहे. पायथ्याच्या गावांत खाजगी धुऱ्यांवर, नाल्यांवर तेरडा आहे. मालकाला विचारून तिथलं घ्यावं. आणि आपल्याच तालुक्यातलं मिळत असेल तर लांबचं मागवू नये. उलट दिशेनं तर काहीच नेऊ नये. रोपवाटिकेतल्या दुहेरी तेरड्याचं बी हौसेनं डोंगरावर उधळू नये, पिढ्यान्‌पिढ्या त्या उताराला जुळलेल्या झाडांत ते मिसळतं. हिमालयातला एक तेरडा १८३९ साली बागेसाठी इंग्लंडला नेला, तो नदीकाठानं असा पसरला की आज तिथे तो उपटायला माणसं लावावी लागतात. घरचं गुणी झाड परक्या काठावर तण होतं.

आणलेलं बी सावलीत कागदावर सात-आठ दिवस वाळवावं. उन्हात नाही. मग कागदाच्या पुडीत, पुडी डब्यात, डब्यात कोरड्या राखेची लहान पुरचुंडी. डबा टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नये, मे महिन्यात तिथे भट्टी होते. आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळ ठेवावा. पुडीवर गाव, तारीख आणि फुलाचा रंग लिहावा.

सगळं बी मात्र पुडीत घालू नये. निम्मं ऑक्टोबरातच वाफ्यावर पडू द्यावं, जसं डोंगरावर पडतं. रानातलं बी थंडी आणि उन्हाळा मातीतच काढतं आणि आपल्या वेळी उगवतं. पहिल्या सरीला फसत नाही असं नाही, पण सगळं एकदम उगवत नसल्यानं काही तरी उरतं. पुडीतलं बी त्यातली घट भरून काढायला. नोव्हेंबरात झाडं वाळली की उपटू नयेत, जमिनीलगत कापून तिथेच आडवी टाकावीत. आणि मग जूनपर्यंत त्या वाफ्याला खुरपं लावू नये.